देवघेवीच्या टेबलावरून : वाचनालयात नवीन काय?

मागच्या अंकात मी विचारलं होतं, तुमच्या गावच्या वाचनालयात शेवटचं कधी गेला होता आणि तिथं काय बदललेलं दिसलं? पत्रं आली, त्याच्या दुप्पट व्हॉट्सॲप आले. एकानं नुसता कुलूप लावलेल्या दाराचा फोटो पाठवला, खाली एक अक्षर नाही. मी कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी अठ्ठावीस वर्षं ग्रंथपाल आहे. म्हणजे पुस्तकं देणं, घेणं, पंखेवाल्याला फोन करणं आणि लोकांचं ऐकून घेणं. उत्तरं त्याच टेबलावर बसून लिहिली आहेत, त्यामुळे मध्येच कुठं वाक्य तुटलं असेल तर समजावं की कुणीतरी पुस्तक बदलायला आलं होतं.

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षक. बदल्यांच्या फेऱ्यात पंधरा वर्षं गावच्या वाचनालयात पाऊल टाकलं नव्हतं. परवा गेलो, तर वाचनकक्षात तीस-पस्तीस पोरं-पोरी मान खाली घालून प्रश्नसंच सोडवत होती. वर्तमानपत्रांचं स्टँड जिन्याखाली ढकललेलं. हे वाचनालय राहिलं की क्लास झाला? (एक वाचक, बार्शी)

सर, जिन्याखालच्या स्टँडचा राग मला कळतो. आमच्याकडेही ते हललं तेव्हा रोज सकाळी आठला अग्रलेख वाचायला येणारे दोन आजोबा आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हते. नवव्या दिवशी बोलले ते एवढंच, की जिन्याखाली उजेड नाही. दुसऱ्या दिवशी तिथं ट्यूब लावली.

पण पोरांचं ऐका. आमच्या अभ्यासिकेत बेचाळीस खुर्च्या आहेत. सकाळी साडेसहाला शिपाईमामा कुलूप काढतात तेव्हा पायरीवर पाच-सहा जण बसलेले असतात. कुणी पोलीस भरतीचं करतंय, कुणी तलाठ्याचं, चौघं-पाच जण राज्यसेवेच्या मागे आहेत. यातले काही पुण्यात राहून परत आलेले. तिथं कॉट, मेस आणि अभ्यासिकेची फी या तिन्हीला मिळून महिन्याला जे लागतं, ते बापाच्या उसाच्या बिलातून किती वर्षं निघणार? इथं महिन्याला चारशे रुपये घेतो आणि डबा घरून येतो. मुलींचं तर आणखी वेगळं. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही, धाकटी भावंडं, पाहुणे. पुस्तक उघडलं की कुणीतरी चहा टाकायला सांगतं. एकीचे वडील रात्री नऊला बाहेर मोटारसायकलवर बसून असतात. कधी आत येत नाहीत. मी एकदा या म्हटलं, तर म्हणाले, चपला चिखलाच्या आहेत.

खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरायची पद्धत मात्र मी मोडली. त्यावरून दोनदा कॉलर धरण्यापर्यंत गेलं होतं. आता पत्र्याचे बिल्ले आहेत, येईल त्यानं खिळ्यावरून काढून घ्यायचा. जाताना परत लावायचा. तासभर खुर्ची रिकामी दिसली तर बिल्ला माझ्याकडं जमा.

आता पैशांचं. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सरकारी नाहीत. ती नोंदलेल्या संस्था आहेत, सभासदांच्या. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली त्यांना मान्यता आणि अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो आणि वर्गाप्रमाणे अनुदान. त्या अनुदानातली निम्मी रक्कम पगाराची. उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज, बांधणी आणि गळकं छप्पर. अभ्यासिकेची फी नसती तर आमचं विजेचं बिल कुठून भरलं असतं, हे मला कार्यकारिणीच्या सभेत कुणी अजून सांगितलेलं नाही.

तरी तुमच्या म्हणण्यात खोट नाही. ही मुलं पुस्तक नेत नाहीत. वर्षभर रोज येऊन एकदाही कपाटापर्यंत न गेलेली मुलं मी पाहिली आहेत. म्हणून मी एक केलं. परत आलेली पुस्तकं लगेच कपाटात लावत नाही, पाण्याच्या फिल्टरशेजारच्या बाकावर दिवसभर पालथी ठेवते. बाटली भरायला दोन मिनिटं लागतात आणि तेवढ्यात हात चाळवतो. पहिल्या महिन्यात तिथून अकरा पुस्तकं गेली. पोलीस भरतीच्या एका मुलीनं कवितासंग्रह नेला आणि चार महिने परत केला नाही. मी मागितलाही नाही.

प्रश्न : आमच्या वाचनालयात सगळं संगणकावर आलं. पण पूर्वी हमखास मिळायची ती जुनी पुस्तकं आता विचारली की 'कॉम्प्युटरवर दिसत नाही' असं उत्तर मिळतं. विकली की काय? (गडहिंग्लजहून)

नाही हो, बहुतेक कपाटातच असतील. सापडत नाहीत त्याला कारण अनुस्वार.

झालं असं, की संगणक आले, ई-ग्रंथालय किंवा कोहासारखी प्रणाली आली आणि हजारो पुस्तकांची नोंद करायचं काम पुस्तकामागे अमुक पैसे असं ठरवून सुट्टीतल्या मुलांना दिलं गेलं. त्यांनी मुखपृष्ठावर दिसलं तसं टाइप केलं. आता १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीची पुस्तकं घ्या. तेव्हा 'कांहीं', 'आमचें', 'नांव' असं सानुस्वार लिहायचे. तुम्ही 'आमचे' असं शोधलंत की यंत्र मान हलवतं, कारण त्याच्या लेखी 'आमचें' हा वेगळाच शब्द. ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच. लेखकाच्या नावाचं तर विचारू नका. आमच्याकडं एकाच लेखकाची पुस्तकं चार नावांखाली निघाली: आद्याक्षरं आणि आडनाव, आद्याक्षरांत जागा सोडून आडनाव, पूर्ण नाव, आणि एका पोरानं आडनाव आधी टाकलेलं.

दोन पावसाळे मी दुपारी एक ते तीन हेच केलं. दाखल नोंदवही एका बाजूला, पडदा एका बाजूला. तुम्ही एवढंच करा, शोधताना पूर्ण नाव न देता मधलाच एखादा अनुस्वार नसलेला तुकडा टाइप करायला सांगा. तरी नाही दिसलं तर दाखल नोंदवहीत बघायला सांगा. त्यात पुस्तक आलं त्या दिवसापासूनचं लिहिलेलं असतं, आणि बाद केलं असेल तर तेही लाल शाईत. तुमच्या वाचनालयानं संगणकाआधीच्या सूचीकार्डांचे जुने खण अजून रद्दीत घातले नसतील, तर कृपा करून घालू देऊ नका. आमचे मी टेबलाखाली ठेवलेत आणि त्यावर पाय ठेवून बसते.

प्रश्न : माझ्या आईला काचबिंदूमुळे दिसायचं जवळपास थांबलं. आयुष्यभर आठवड्याला दोन पुस्तकं वाचणारी बाई नुसती खिडकीशी बसून असते. वाचनालयांतून अशांसाठी काही असतं का? (सून नाही, मुलगीच, सातारा)

असतं, पण कुणी पाटी लावत नाही.

सुगम्य पुस्तकालय नावाचं एक ऑनलाइन ग्रंथालय आहे, २०१६ साली सुरू झालेलं. ज्यांना छापलेलं वाचता येत नाही त्यांच्यासाठीच आहे. मराठी पुस्तकंही आहेत. सभासद होताना दृष्टीबद्दलचं प्रमाणपत्र लागतं, ते नेत्रतज्ज्ञांकडून आधी काढून ठेवा. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून अशा वाचकांसाठी पुस्तक आवाजात किंवा ब्रेलमध्ये आणायला दर वेळी प्रकाशकाच्या परवानगीमागे धावावं लागत नाही.

फुकटातलं दुसरं म्हणजे साहित्य संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरची पुस्तकं आणि मराठी विश्वकोश. यात एक मेख आहे. विश्वकोशाच्या नोंदी अक्षरांत आहेत, त्यामुळे फोनचा बोलणारा आवाज त्या वाचून दाखवतो. जुनी पुस्तकं मात्र पुष्कळदा पानांचे फोटो असतात. फोनला ती चित्रं वाटतात आणि तो गप्प राहतो. मग लोक म्हणतात फोन बिघडला. कुठल्याही ओळीवर बोट दाबून ठेवून शब्द निवडला जातो का बघा. निवडला गेला तर फोन बोलेल.

आणि यंत्राचा आवाज आईंना रुचला नाही तर? माझ्याकडच्या चार आज्यांना नाही रुचला. एक म्हणाली, 'हा बाबा स्वल्पविरामाला श्वासच घेत नाही.' तेव्हापासून गुरुवारी चार ते पाच बालविभागात चटई टाकतो. अकरावीतली एक मुलगी मोठ्यानं वाचते. तिला वक्तृत्व स्पर्धेचा सराव, यांना कथा. पहिल्या दिवशी ती फार नाटकी वाचायची, तर आज्यांनीच सांगितलं, अगं साधं वाच, रडायचं तिथं आमचं आम्ही रडू. सध्या एक जाडजूड कादंबरी चालू आहे, प्रकरणागणिक भांडणं होतात. तुमच्या वाचनालयात विचारा. नसेल तर म्हणा, खोली आणि चटई द्या, बाकीचं मी बघते. नाही म्हणणारा ग्रंथपाल मला अजून भेटायचाय.

प्रश्न : वडील गेले. त्यांची सहाशेच्या वर पुस्तकं आहेत. फ्लॅट विकायचाय. दोन वाचनालयांनी देणगी घ्यायला सरळ नकार दिला. पुस्तकांना नकार देणारी कसली ही वाचनालयं? (डोंबिवली)

तुमच्या दुःखात मी भर घालत नाही, पण त्या दोघांची बाजू मांडायलाच हवी.

काही वर्षांपूर्वी एका घरातून आमच्याकडं चार पोती पुस्तकं आली. पावसाळ्याचे दिवस, मी दोन दिवसांनी बघू म्हणून पोती आत ठेवली, भिंतीला टेकून. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या कपाटातलं एक पुस्तक काढलं, तर ते हातात आलं आणि आतली पानं तिथंच राहिली. मातीची बारीक नळी फरशीवरून चढून थेट इतिहास विभागात गेली होती. वाळवी कपाटाची लाकडी पाठ खाऊन आत शिरली होती. एकशे चाळीस पुस्तकं बाद करावी लागली, त्यात गावच्या कुस्तीच्या मैदानांची १९३० च्या सुमाराची एक हस्तलिखित वही होती. देणाऱ्यांचं नाव मी कधी कुणाला सांगितलं नाही. चूक माझीही होती. त्यानंतर देणगीचं पुस्तक आधी व्हरांड्यात, मग आत.

शिवाय जागा. तुमच्या वडिलांच्या सहाशेतली साडेतीनशे पुस्तकं कुठल्याही बऱ्या वाचनालयात आधीच असतील, तीही दोन-दोन प्रतींत. गाजलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्या आम्हाला जेवढ्या देणगीत येतात तेवढ्या विकत घेतलेल्याही नाहीत.

तर असं करा. आधी यादी. नाव, लेखक, साल, एवढंच. वहीत लिहिली तरी चालेल, फोटो काढून पाठवा. सगळी घ्या असं न म्हणता 'यातलं काय हवं' असं विचारा. मी स्वतः काय उचलीन ते सांगते: १९६० च्या आधीचं काहीही, दिवाळी अंकांचे सलग वर्षांचे गठ्ठे, संस्थांच्या स्मरणिका, जातीजमातींचे आणि कुलांचे इतिहास, गावागावांच्या छोट्या पुस्तिका, पाककृतींच्या जुन्या वह्या. ज्या गोष्टी तुम्ही लाजून बाजूला काढाल, नेमक्या त्याच. इंजिनिअरिंगची पुस्तकं, जुनी गाइडं, डायजेस्ट आणि भेट आलेले अध्यात्माचे गुळगुळीत ग्रंथ मात्र कुणालाच नको असतात, त्यांना सरळ रद्दीचा रस्ता दाखवा आणि मनाला लावून घेऊ नका.

कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, दिसली तर? पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचं, फ्रीजरमध्ये आठवडाभर, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता एक दिवस तसंच ठेवायचं, म्हणजे पानांवर दव धरत नाही. मग कोरड्या मऊ ब्रशनं झाडायचं. कडक उन्हात पसरू नका, कागद ठिसूळ होतो. घरी माझ्या फ्रीजरमध्ये मटारशेजारी एक ज्ञानकोशाचा खंड पाहून जावई चकित झाले होते.

आणि गरज कुठं आहे तेही बघा. २०१९ च्या पुरात सांगली नगर वाचनालयाचे आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचे हजारो ग्रंथ भिजून गेले. चिपळूणचं वाचनालय १८६४ चं. पुरानंतर अशा ठिकाणी पुस्तकांचा ओघ जातो, तेव्हाही यादीच मागतात, कारण चिखल उपसल्यावर त्यांना पुन्हा तीच तीच कादंबरी शंभर वेळा नको असते. वडिलांनी पहिल्या पानावर सही-तारीख घातलेली दहा-बारा पुस्तकं मात्र घरात ठेवा. ती कुणालाही देऊ नका.

प्रश्न : वाचनालयाचं पुस्तक रिक्षात राहिलं. छापील किंमत ६० रुपये. दंड पाचशे सांगतात! (कोल्हापूर)

तेच पुस्तक बाजारातून आणून द्या, बहुतेक ठिकाणी विषय मिटतो. बाजारात नसेल तर साठ रुपयांत ते त्यांनाही मिळणार नाही, पाचशे त्याचेच. रिक्षा थांब्यावर विचारलंत का? आमची दोन पुस्तकं रिक्षावाल्यांनी आणून दिली आहेत. एकानं परत देण्याआधी वाचून काढलं होतं.

प्रश्न : कुलूप लावलेल्या दाराचा फोटो मीच पाठवला होता. आमच्या गावात ड वर्गाचं वाचनालय आहे, वर्षात दहा दिवससुद्धा उघडत नाही. आम्ही सात-आठ पोरं चालवायला तयार आहोत. कुणाकडं जायचं? (गावाचं नाव लिहू नका)

नाही लिहीत. फोटोतलं कुलूप नवंकोरं आहे हे मात्र मी पाहिलं.

आधी एक हिशेब घ्या म्हणजे शिव्या योग्य पत्त्यावर जातील. ड वर्गाला वर्षाला तीस हजार मिळायचे. मग साठ टक्के वाढ झाली आणि ते अठ्ठेचाळीस हजार झाले. त्यातले निम्मे पगाराचे, म्हणजे चोवीस हजार. महिन्याला दोन हजार. त्यात जो माणूस ग्रंथपाल म्हणून नेमलाय तो दिवसा दुसरीकडं कामाला जाणार, हे उघड आहे. २०१२ साली राज्यभर वाचनालयांची पडताळणी झाली तेव्हा कागदावरची बरीच वाचनालयं उघडी पडली, पण त्यात नुसती लबाडी होती असं मी म्हणणार नाही. थकवाही होता.

तरी बंद ते बंदच. तुम्ही आठही जण रीतसर सभासद व्हा. वर्गणी भरा, पावती घ्या. 'पावतीपुस्तक संपलंय' म्हणाले तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. संस्थेची घटना मागा, मतदानाला सभासदत्वाची किती मुदत लागते ते त्यात असतं. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस लागली की जाऊन बसा आणि लेखापरीक्षण अहवाल वाचून दाखवायला सांगा. भांडू नका, नुसतं वाचायला सांगा. सभाच होत नसेल तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात तक्रार द्या. बहुधा तिथवर जावं लागणार नाही, सात-आठ पावत्या फाडल्या की अध्यक्ष स्वतः चहाला बोलावतात. मग म्हणायचं, किल्ली आम्हाला द्या, संध्याकाळी सहा ते आठ आम्ही उघडतो, नाव तुमचंच राहू दे. यातलं शेवटचं वाक्य विसरू नका.

तोवर थांबायचं कारण नाही. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला आणि संस्थानभर वाचनालयांचं जाळं उभं केलं. जिथं वाचनालय नाही तिथं पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जायच्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना त्याच जातीची, वाचकांच्या गटाकडं पेटी येते, ठरावीक दिवसांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलते. आज त्या पेट्या परदेशातल्या मराठी घरांतही आहेत. तुमच्या गावात दूध संकलन केंद्र असेलच. तिथं सकाळ-संध्याकाळ गाव येतो, रांगेत उभा राहतो, रिकाम्या हातानं परत जातो. एक पेटी तिथं ठेवा. आमच्याकडचा एक संच मी तीन महिन्यांसाठी देते. घ्यायला पिकअप घेऊन या, दुचाकीवर नको. मागच्या वेळी एकानं पेटी पुलावर सांडली.

प्रश्न : मावशी, मी पाचवीत आहे. मला भुताची पुस्तकं आवडतात. पण वाचनालयातले काका म्हणतात चांगली पुस्तकं वाच. आणि कार्ड आईच्या नावावर आहे म्हणून आई आल्याशिवाय देत नाहीत. (वय १०, वाई)

तुझं अक्षर छान आहे, 'भूत' मात्र दीर्घ.

पहिलं, तुझं स्वतःचं कार्ड काढ. बालविभाग असलेल्या वाचनालयात मुलांना वेगळं सभासदत्व असतं, वर्गणीही कमी. अर्जावर आईची सही लागेल, ती एकदाच. मग पुस्तक तुझं तू आणायचं आणि हरवलं तर बोलणीही तूच खायची.

दुसरं, काकांना विचार, रंगनाथन कोण होते? त्यांना माहीत असणार, कारण आम्ही १२ ऑगस्टला त्यांच्या फोटोला हार घालतो. त्या रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम लिहून ठेवले. त्यातला दुसरा म्हणतो, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. 'त्याचं' म्हणजे वाचकाचं, काकांचं नव्हे. हे हळू आवाजात म्हण, वाचनालय आहे.

भुताची पुस्तकं बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या फळीवर कोपऱ्यात असतात, कारण ती सारखी जाऊन-येऊन फाटलेली असतात आणि फाटकी पुस्तकं आम्ही खाली ठेवतो. वाकून बघ. आणि रात्री एकट्यानं मोरीत जायला भीती वाटली, तर त्याला वाचनालय जबाबदार नाही. कार्डाच्या मागच्या बाजूला नियम छापलेत, नीट वाच.